उष्णतेत टिकणारी घर्षणवीज

थंडीत, अंधाऱ्या खोलीत टेरिकॉटचा शर्ट किंवा लोकरी स्वेटर अंगातून काढताना चरचर आवाज येतो आणि बारीक ठिणग्या दिसतात. केस विंचरलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून सुटले की एकाचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहतात, त्याचा हा परिणाम. ही घर्षणवीज माणसाला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे, पण तिच्याकडून काम करून घेणारं उपकरण अलीकडचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत झोंग लिन वांग यांच्या गटानं ते 2012 मध्ये मांडलं. दोन पॉलिमरचे पातळ थर आणि त्यांच्या पाठीला धातूचा पत्रा, एवढीच त्याची रचना. थर दाबले, सोडले की बाहेरच्या तारेतून वीज इकडून तिकडे धावते.

आता तुमच्या मनात येणारा प्रश्न आधीच घेतो. यावर मोबाइल चार्ज होईल का? नाही. अशा छोट्या तुकड्यातून विद्युतदाब शेकडो व्होल्टचा मिळतो, पण प्रवाह असतो काही मायक्रोअँपिअर. 300 व्होल्टना 5 मायक्रोअँपिअरनं गुणलं तर दीड मिलिवॉट होतात, आणि तेही दाबण्याच्या त्या क्षणापुरते. साधा चार्जर 10 वॉट देतो. चालण्यातून फोन चार्ज करणारा बूट कुणी विकायला आला, तर हा गुणाकार त्याच्यापुढे करून दाखवा.

मग हिचा उपयोग काय? जिथे बॅटरी टिकत नाही, तिथे हिची खरी गरज आहे. नेहमीची लिथियम बॅटरी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर वापरू नये. पण बॉयलरजवळचा पंखा, इंजिनाशेजारचा सांधा, अग्निशामक जवानाचा अंगरखा, हे सगळं त्याहून खूप तापतं. तिथे तापमान किंवा हालचाल मोजणाऱ्या लहानशा संवेदकाला अगदी थोडी वीज पुरते. जवान हलतोय तोवर संकेत येत राहतील, तो निपचित पडला की थांबतील. अशी वीज देणाऱ्या कापडावर आज संशोधन चालू आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

अडचण उष्णतेचीच आहे. नायलॉन तापलं की मऊ पडतं, पुढे वितळतं. पण न वितळणं एवढ्यानंही भागत नाही, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पृष्ठभागावर साठलेले इलेक्ट्रॉन उष्णतेनं ऊर्जा मिळवून निसटून जातात. कापड धडधाकट दिसतं, वीज मात्र गळून गेलेली असते. म्हणून पदार्थ असा हवा, जो आकारही धरून ठेवेल आणि विद्युतभारही. पॉलिइमाइड हा त्यातला एक भरवशाचा पदार्थ. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांवरच्या सोनेरी आवरणात याचाच पातळ पापुद्रा होता. तो तीनशे अंशांच्या वरही तग धरतो, आणि घर्षणात इलेक्ट्रॉन ओढून घेण्याकडे त्याचा कल असतो.

कापडासाठी त्याचे तंतू काढण्याची रीत सुंदर आहे. पॉलिइमाइड स्वतः सहजी विरघळत नाही, म्हणून त्याचा कच्चा अवतार द्रावणात घेतात. सुईच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब दिला की थेंब ताणला जातो, त्यातून धार उडते आणि वाटेतच वाळून केसाहून शे-दोनशेपट बारीक धागा बनते. अशा धाग्यांची जाळी मग सुमारे 300 अंशांपर्यंत तापवतात. कुंभार कच्चं मडकं भट्टीत भाजून पक्कं करतो, तसंच हे. जाळीच का? दोन गुळगुळीत थर खरं तर मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. तंतूंची जाळी मऊ असते, दाबली की ती जास्त ठिकाणी टेकते. शिवाय तिच्यातून हवा खेळते, त्यामुळे अंगावर घालायलाही बरी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं: सुईचा हा प्रयोग घरी करू नका. तो दाब जिवावर बेतू शकतो आणि त्यातली द्रावकंही विषारी असतात. फुगा, लोकर, प्लास्टिकची पट्टी आणि कागदाचे कपटे घ्या. घासून कपटे उचलण्याचा हा साधा प्रयोग जानेवारीत करा आणि जुलैत करा. पावसाळ्यात पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार वाहून जातो, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. कोकणात हे यंत्र लावणाऱ्याला उष्णतेइतकीच दमट हवेचीही काळजी घ्यावी लागेल.

नायलॉन वितळतं म्हणालो, त्यावरून घरातल्या सगळ्यांसाठीही एक गोष्ट. गॅसपाशी उभं राहताना सुती कपडे घाला. सूत जळतं, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल करतं.

आणि लघुउद्योजकांनो, अशा कापडाचा नमुना कुणी दाखवला, दिवे लुकलुकवून दाखवले, तर भुलू नका. किती अंशांवर मोजलं, किती लाख वेळा दाबून पाहिलं, दमट हवेत काय झालं, हे विचारा. उत्तरं आकड्यांत मिळाली तरच पैसे गुंतवा.