धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत लेखा समितीच्या एका ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत एकीनं विचारलं होतं, "प्रदूषण मोठे देश करतात, मग दिवे बदला, चूल बदला हे आम्हालाच का सांगता?" तेव्हा मला उत्तर जमलं नाही. म्हणून आज वही घेऊन आले.

आधी माणशी हिशेब. कोळसा, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. अमेरिकेत एका माणसामागे वर्षाला साधारण १४ टन, भारतात २ टन. त्या दोनातही एसीत बसणारे आणि आपण सारख्या नाही! तेव्हा ताईंचं बरोबरच होतं.

आता चीन बघा. २००१ साली तो जागतिक व्यापार संघटनेत गेला. कारखाने वाढले, हातांना काम मिळालं, गरिबी हटली. पण कारखाने चालले कोळशावर, आणि वीस वर्षांत तिथला कार्बन तिपटीवर गेला. तिथली खेळणी, कपडे, टीव्ही कुठे गेले? बरेचसे युरोप-अमेरिकेत. वस्तू त्यांच्या घरात, धूर चीनच्या नावावर. आपल्या गटात कर्ज एकीच्या नावावर आणि पैसा वापरला दुसरीनं, असं झालं की सभेत किती भांडण होतं, आठवा. अर्थात सगळाच धूर निर्यातीचा नाही, मोठा भाग त्यांच्याच रस्ते-इमारतींचा आहे. तेही सांगायला हवं.

आता १ जानेवारी २०२६ पासून युरोपनं बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतावर कार्बनचा आकार लावायला घेतलाय. भारत सरकारनं त्यावर हरकत घेतली आहे. जुना धूर त्यांचा आणि नवं बिल आपल्याला, हे मलाही पटत नाही. पण माल विकायचा तर कारखानदार स्वच्छ वीज शोधणारच.

आणि आपण? चंद्रपूर, कोराडीची वीज कोळशाचीच. देशाच्या सरासरीनं एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मसाला गटाला महिन्याला २०० युनिट लागले, तर झाले १४० किलो. मग कांडप मशीन बंद करायची? मुळीच नाही! ती आली तेव्हा हातावरचे फोड गेले, बायांना रोज मिळाला. असला विकास आपल्याला हवाच आहे. तो कोळशाशिवाय किती जमतो, एवढंच बघायचंय.

पुढच्या सभेला प्रत्येक उद्योग गटानं तीन महिन्यांची लाईट बिलं आणा. छतावरच्या सोलरचं कोटेशन मी आणते. वाचलेल्या बिलात हप्ता निघतो का, तिथेच बसून मांडू. नाही निघाला तर यंदा घ्यायचा नाही.