ट्रॅक्टरचे धुराडे गावात घडवताना



वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर हे आमचे गाव. काळी जमीन, पऱ्हाटीचा मुलूख. वेचणी सुरू झाली की ट्रॉल्या कापसाने भरतात आणि हिंगणघाटच्या जिनाची वाट धरतात. ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एक धुराडे असते. कंपनीवाले त्याला सायलेन्सर म्हणतात. ते कुजून फुटले की आपण मिस्त्रीकडे जातो आणि म्हणतो, "भाऊ, लावून दे एखादा पाईप." आज मी त्या 'एखाद्या पाईपा'विषयीच बोलणार आहे. तिथे एखादा पाईप चालत नाही, बरं का!

धुराडे कुजते कशाने? पावसाने कुजते, हे अर्धेच खरे. एक लिटर डिझेल जळले की त्यातून सुमारे एक लिटरच पाणी तयार होते, ते वाफेच्या रूपाने धुराड्यातून जाते. इंजिन नीट तापण्याआधीच बंद केले तर ही वाफ आतच थिजते आणि धुरातल्या आम्लांसह लोखंड खाते. गुरुजींनी हिवाळ्यात सकाळी मुलांना एखाद्या मोटारीच्या नळीतून टपकणारे थेंब लांबून दाखवावेत. असला पाठ मुले विसरत नाहीत.

आता नवा पाईप आणावयाचा. पहिली चूक इथेच होते. पाण्याचा नळ आतल्या मापाच्या नावाने विकला जातो, तर धुराड्याची नळी बाहेरच्या मापाने. नुसते "दीड इंची द्या" म्हणाल तर एका दुकानात बाहेरून 38 मिलिमीटरची नळी मिळेल आणि दुसऱ्यात 48 मिलिमीटरचा नळ. म्हणून जुन्या धुराड्याचा धड राहिलेला तुकडा कापून सोबत न्या. तालुक्याला जमले तर ठीक. नाही तर नागपूरला इतवारीत लोहा ओळ आहेच.

जाडीचेही असेच आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर, 16 म्हणजे 1.6 आणि 14 म्हणजे 2. ट्रॅक्टरला 16 किंवा 14 घ्यावे. खाटा-खुर्च्यांचा पातळ पाईप एका पावसाळ्यात चाळण होतो. उलट काळा जाड नळ बसवाल तर त्याचे वजन 16 गेजच्या जवळपास दुप्पट, आणि तो सगळा भार इंजिनाच्या तोंडाशी लोंबतो. मग स्टड तुटतात, कधी मॅनिफोल्डलाच चीर जाते.

जस्ताचा मुलामा दिलेला पांढरा नळ मात्र या कामाला आणूच नका. हे मी अंगावर घेऊन शिकलो आहे. तरुणपणी एका बंद खोलीत असल्या नळाला वेल्डिंग केले. पांढरा धूर झाला, तोंडाला गोडसर चव आली, त्याकडे लक्ष दिले नाही. रात्री अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या पुरेनात. घरच्यांना वाटले हिवताप. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तो जस्ताच्या धुराचा ताप होता. थोड्या पैशांची बचत वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीवर बसते.

भोक इंजिनाच्या तोंडापेक्षा लहान नको. 50 मिलिमीटरच्या जागी 40 ची नळी लावली तर वाट पाचव्या हिश्शाने आवळली असे वाटते. गणित मांडून पाहा: 50 चा वर्ग 2500 आणि 40 चा 1600. वाट एक-तृतीयांशाहून अधिक आवळली! धूर अडतो, इंजिन तापते, डिझेल जास्त खाते. गुरुजी, वर्तुळाच्या क्षेत्रफळाला याहून चांगले उदाहरण गावात कुठले मिळणार?

वाक द्यावयाचा तर आधी जाड तारेचा नमुना करा. तार प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर धरून वाकवावी. डिझेलची टाकी, तेलाच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांच्यापासून वीतभर दूर ठेवावी. मग नळीत वाळू ठासून भरा, दोन्ही तोंडे बंद करा आणि भट्टीत लाल करून सावकाश वाकवा. वाळू तव्यावर भाजून कोरडी केलेलीच हवी. ओल्या वाळूची वाफ कोंडली तर बुच गोळीसारखे सुटते. समोर कोणी उभे राहू नये.

जोडाची पट्टी, म्हणजे फ्लँज, आठ-दहा मिलिमीटर जाड घ्यावी. पातळ पट्टी तापली की वाकडी होते आणि सांध्यातून धूर फुटतो. ती दुसऱ्या जाड पाटीला बोल्टांनी आवळून आधी समोरासमोर चार टाके मारावेत, मग सांधा भरावा. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करणे भाग पडले तर बॅटरीच्या तारा आधी सोडा. काम झाल्यावर उघड्या जागी इंजिन सुरू करा. सांध्याशी फुसफुस ऐकू आली किंवा काजळीची रेघ उठली तर काम अपुरे आहे. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये तो माणसाला झोपेतच नेतो.

काही मंडळी सायलेन्सरचे पोट काढून सरळ नळी लावतात. आवाज भारी येतो म्हणे! केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 120 व्या नियमाने शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर सक्तीचा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. इंजिनावर ओढ पडली की आत साचलेली काजळी पेटत्या कणांनी बाहेर उडते. पोटातले कप्पे आणि भोकाच्या नळ्या त्यातले पुष्कळसे कण अडवतात. सरळ नळीतून ते थेट मागे जातात, आणि मागे असतो तुमचा वर्षभराचा कापूस. म्हणून पोट तसेच ठेवावे, ठिणगी अडवणारी जाळी लावावी आणि ती अधूनमधून काढून काजळी झाडावी. जिनाच्या आवारात ट्रॉली उभी केली की इंजिन बंद करावे.

पोरांच्या फटफटींबद्दल एकच सांगतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकाच्या गाड्या आल्या. त्यांच्या नळीत प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती कापण्याचे काम गावच्या मिस्त्रीने घेऊ नये.

ट्रॅक्टरचे धुराडे मात्र गावात उत्तम होते. याच वर्ध्यात 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गावच्या कारागिराचा हात तेव्हाही कमी नव्हता, आजही नाही. त्याला माप नीट द्या आणि घाई करू नका. साधा रंग जळून जातो, तेव्हा उष्णता सोसणारा चंदेरी रंग लावा. उभ्या धुराड्यावर पावसाळ्यात डबा उपडा घालायचा, आणि तो चालकाच्या लक्षात राहील अशा जागी लाल चिंधीही बांधायची. डब्यासकट इंजिन सुरू करणारे मी पाहिले आहेत. पहिल्या दिवशीचे काम संपून इंजिन निवले की फ्लँजचे नट पुन्हा एकदा आवळा. तापून निवल्यावर ते थोडे सैल पडतात.