नाव यादीत आले नाही



गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्या दांडीतल्याच एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा काल दुपारपासून जेवला नाही. शाळेच्या कबड्डीच्या संघात त्याचं नाव आलं नाही. त्याचे बाबा म्हणतात, बरं झालं, आता होडीवर ये. मी काय करू?"

आम्ही त्यांना जे सांगितले, तेच आज सर्वांना सांगतो. घरोघरी पोरे आहेत. आज त्यांच्या घरी, उद्या आपल्या घरी.

आधी हिशेब पाहू. कबड्डीत मैदानावर सात जण उतरतात. राखीव धरून संघ बारा जणांचा. निवडीला तीस मुले आली, तर अठरा मुले घरी जाणारच. त्या अठरांत चांगले खेळणारेही असतात. दुसरी गोष्ट वयाची. शाळांच्या स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. काल चौदाच्या गटात जो सर्वांत थोराड होता, तोच वय ओलांडताच सतराच्या गटात सर्वांत लहान ठरतो. पोर तेच असते, गट बदललेला असतो. हे पोराला कोणी समजावून सांगत नाही. त्याला वाटते, आपणच कुचकामी.

आम्ही कित्येक वर्षे हेडमास्तर होतो. तेव्हा आम्हीही एक चूक करत होतो. बारा नावांची यादी फळ्यावर लावायची आणि आपल्या खोलीत निघून जायचे. पोरे यादीपुढे गर्दी करत. ज्याचे नाव नसे, तो सगळ्यांच्या देखत खाली मान घालून परत फिरे. त्याला जवळ बोलावून दोन शब्द सांगावेत, हे आम्हांला फार उशिरा सुचले.

मग घरात काय करावे? पहिल्या दिवशी फार बोलू नये. "एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस" असे तर मुळीच म्हणू नये. आपल्याला ती एवढीशी वाटते. पोराने त्यासाठी दोन महिने पहाटे उठून वाळूत धावलेले असते. शेजारच्या पोराचे नाव आले, हेही काढू नये. ताट वाढावे आणि आपणही त्याच्याबरोबर जेवायला बसावे. एक-दोन दिवसांनी तो आपणच तोंड उघडतो. तेव्हा ऐकावे.

काही बाप लगेच शाळेत जाऊन मास्तरांशी भांडतात. त्याने पोराची अधिकच शोभा होते. पोरालाच पाठवावे. त्याने विचारावे, "सर, माझं काय कमी पडलं? दम कमी पडतो, की पकड सुटते?" कारण कळले, म्हणजे काम कळले.

पण निवडीत खरोखरच अन्याय झाला असेल तर? तर दाद मागावी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले होते. तरी १९५२ च्या संघात आधी त्यांचे नाव नव्हते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, ती त्यांनी जिंकली. पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर तुम्हांला ठाऊकच आहे. क्रिकेटसाठी तो पालघरहून गाडीने मुंबईला जात असे. २०१६ साली त्याला भारताच्या संघाबरोबर वेस्ट इंडीजला नेले, पण एकही कसोटी खेळवली नाही. २०१८ साली हैदराबादला पहिली कसोटी मिळाली, तर दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर आला. पुढची कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही केल्या.

हे ऐकून पोराला "तूही शार्दूल होशील" असे मात्र सांगू नका. बहुतेक मुले होत नाहीत, आणि पोरांना खोटे लगेच कळते. एवढेच सांगा, की थांबावे लागणे म्हणजे संपणे नव्हे.

मुलींबद्दलही सांगायचे आहे. खो-खोच्या संघातून मुलीचे नाव गेले, की घरचे म्हणतात, "बरं झालं, कामाला मोकळी झाली." तिलाही तेवढेच लागते. ती बोलून दाखवत नाही, इतकेच.

पोर बरेच दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, "जगून काय करू" असे काही बोलत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारचा १४४१६ हा टेलिफोन क्रमांक आहे. त्यावर पैसे पडत नाहीत. रात्रीही माणूस बोलतो.

आता होडीची गोष्ट. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. त्याच सुमाराला नारळी पौर्णिमा होते, होड्या समुद्रात जातात आणि बापाला हात हवे असतात. रुसलेले पोर म्हणते, "मला शाळाच नको." बाप म्हणतो, "चल." असे आमच्या वर्गातले एक पोर गेले होते. आम्ही पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. बाप जाळे विणत बसला होता. म्हणाला, "गुरुजी, पोराचंच मन नाही." आम्ही म्हटले, "रुसव्यात घेतलेला निर्णय आहे. दिवाळीपर्यंत शाळेत येऊ दे, मग विचार." बाप बराच वेळ गप्प राहिला. शेवटी "बरं" म्हणाला.

पोर आले. संघात नव्हतेच. सरावाच्या वेळी गुण मांडायला बसू लागले. पुढच्या वर्षीही त्याचे नाव यादीत आले नाही. पण दहावीला बसले आणि पास झाले. आज ते होडीवरच आहे. इंजिनाची दुरुस्ती, डिझेलचा हिशेब, बँकेचे कागद, सगळे आपले आपण पाहते.

त्या बाईंचा मुलगा सोमवारी शाळेत गेला, असे कळले. सरांना विचारले का, ते अजून कळायचे आहे.