विहारात पाहुण्यांची खोली हवीच

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला ‘विहार आणि समाज’ या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे. आम्ही त्यातला एकच तुकडा उचलतो. तो म्हणजे विहाराच्या माळ्यावरची पाहुण्यांची खोली. ती शिकवणीच्या क्लासला भाड्याने द्यावी, चार पैसे येतील, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणारे आपलेच आहेत आणि त्यांना वीजबिलाची काळजी आहे. ती काळजी खोटी नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, ती खोली पाहुण्यांचीच राहावी. आणि नुसती राहू नये, नीट लावलेली राहावी.

रात्रीच्या निवाऱ्याची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला ठाऊक असणार? १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. एवढा विद्वान माणूस, पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी सरायीत राहावे लागले. दिवसाला दीड रुपया भाडे, वर अंधार, विजेचा दिवा नाही, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी सुमारे पाच तास बागेत बसून काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये लिहून ठेवली आहे. ज्यांच्या उद्धारकर्त्याला एक रात्र टेकायला जागा नव्हती, त्यांच्या विहारात पाहुण्याला जागा नसावी काय?

लोक म्हणतील, विहार वंदनेसाठी असतो, लॉज नव्हे. मग आपल्या अंधेरीतच बघा. ज्यांना सगळे महाकाली गुंफा म्हणतात, ती कोंडिविट्याची बौद्ध लेणी. पलीकडे बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी, शंभराहून जास्त लेणी. तिथे चैत्य आहे, तसेच भिक्खूंना राहायला खोल्या, टेकायला दगडी ओटे आणि पावसाचे पाणी साठवायला कातळात खोदलेली टाकी आहेत. शिलालेखात त्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी ही दाने दिली. वंदनेची जागा आणि मुक्कामाची जागा त्यांनी शेजारी शेजारी खोदली. विहार या शब्दाचा अर्थच मुळी राहण्याची जागा.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर याचे नियमच आहेत. बाहेरून थोर भिक्खू आले तर विहारातल्या भिक्खूने आसन मांडावे, पाय धुवायला पाणी ठेवावे, पात्र-चीवर हातात घ्यावे, प्यायला पाणी विचारावे. कोणती खोली मोकळी आहे, शौचाची जागा कुठे, पाणी कुठे, भिक्षेला कोणत्या गावात जायचे, हे न विचारता सांगावे. पाहुण्यालाही नियम आहेत. जाताना सामान जागेवर लावावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, कोणाला तरी सांगून जावे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने संडास दाखवण्याइतका बारीक विचार केला, त्याचे आपण वारसदार आहोत.

गिरणगावातल्या गाळ्यात आम्ही माणसे कशी राहात होतो, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा गडी. एका पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा. गावाहून नवा पोरगा आला तर त्याची वळकटी सरकवून सरकवून मावायची. मन होते म्हणून जागा होत होती. पण मन आहे म्हणून सोय नको, असे आम्ही म्हणणार नाही. आज सोय करता येते, तर केली पाहिजे.

पाहुणे येतात कोण? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी विदर्भ-मराठवाड्यातली माणसे. शिवाजी पार्कवर महापालिका मंडप घालते, पण म्हातारी, लेकुरवाळी बाई, आजारी माणूस यांना चार भिंती लागतात. वर्षभर परळच्या टाटा किंवा के.ई.एम. रुग्णालयात उपचाराला येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक येतात. परीक्षेला, मुलाखतीला येणारी पोरे-पोरी येतात.

त्यांच्यासाठी काय करायचे? थाट नको. गाद्या महिन्यातून एकदा उन्हात टाका. प्रत्येकाला धुतलेली चादर आणि अभ्रा. म्हाताऱ्यांसाठी दोन पलंग, खाली बसता-उठता येत नाही त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची. खिडकीला जाळी. नळ ठरावीक वेळीच येतो, म्हणून पिंप भरलेले आणि माठ झाकलेला. दाराला आतून चांगली कडी, आणि संडासापर्यंत रात्रभर दिवा. बाईमाणसाला झोप लागते ती या दोन गोष्टींनी. कपड्याला खुंटी, मोबाईलला प्लग. भिंतीवर मोठ्या अक्षरात फळा: स्टेशनचा रस्ता, दादरला जाणाऱ्या गाड्या, जवळचा दवाखाना, समितीच्या दोघांचे फोन.

आणखी एक. वहीत नाव, गाव, फोन लिहून घ्यावा, ओळखपत्र बघावे, एवढे बस्स. कोणती पोटजात, कोणत्या गटाचे, हे विचारायचे नाही. बडोद्याच्या त्या जमावाने बाबासाहेबांना ‘तू कोण?’ म्हणूनच दरडावले होते. तोच प्रश्न आपल्या दारात आपल्याच माणसाला नको. आणि कार्यकर्त्यांना विनंती, थकून आलेल्या माणसाला रात्री बारापर्यंत चळवळीचा इतिहास ऐकवू नका. त्याला आधी झोपू द्या!

राहिले वीजबिल. दिवसा खोली रिकामी असते, तेव्हा वस्तीतल्या मुलांना तिथे अभ्यास करू द्या, फी नको. बारा महिन्यांचे बिल बारा घरांनी एकेक महिना वाटून घ्यावे. पहिला महिना आम्ही घेतो. जाणाऱ्या पाहुण्याने दानपेटीत काही टाकले तर आनंद, नाही टाकले तर जय भीम.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल. तेव्हा हात वर करताना भाड्याचा आकडा जरूर बघा. पण रात्री अकरा वाजता, हातात रिपोर्टची पिशवी घेऊन, विहाराच्या पायरीवर उभी असलेली एखादी आईसुद्धा डोळ्यापुढे आणा. तिला ‘जागा नाही’ हे सांगायला आपल्यापैकी कोण पुढे जाणार, ते आधी ठरवा आणि मग मत द्या.