बाळंतपणानंतरची फाइल
(रेडिओवरील भाषण)



वसईकडच्या राजोडीतली एक सून आहे असं धरून चालू. खरी कुणी नव्हे, बोलण्यापुरती. वय 27, पहिलटकरीण, चौथा महिना. आशाताई मागेच लागल्या म्हणून महिन्याच्या 9 तारखेला सरकारी तपासणीला गेली आणि प्रेशर भरलं 150/100. घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवसांत होतंच गं, बाळंत झालीस की उतरेल."

सासूबाईंचं सगळंच चुकीचं नाही. गरोदरपणामुळे चढणारं प्रेशर असतं आणि बहुतेकींचं ते बाळंतपणानंतर उतरतंही. पण ते चढतं वीस आठवडे उलटल्यावर. चौथ्या-पाचव्या महिन्यात निरोगी बाईचं प्रेशर उलट थोडं खालीच येतं. तेव्हा चौथ्या महिन्यात 150 दिसलं, तर ते बहुधा दिवस जाण्याआधीपासूनचं असतं. कुणी मोजलेलं नसतं, इतकंच. मग एवढ्या तरुण मुलीला प्रेशर का, हे विचारायला नको? मूत्रपिंडाचा आजार हे त्याचं एक कारण. दुसरं, ज्याचं नाव फारसं कुणी काढत नाही, ते म्हणजे हार्मोन. त्यांतल्या एकाबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव अल्डोस्टेरॉन.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. हे हार्मोन तिथे तयार होतं आणि अंगातलं मीठ वाया जाऊ देत नाही. वसईच्या माणसाला हे समजायला मिठागर पुरे. खाजणाच्या बांधाला उघाडी असते; निरोप आला की उघडायची, निरोप आला की लावायची. शरीरात हा निरोप मूत्रपिंड धाडतं, रेनिन नावाच्या द्रव्यातून. काहींच्या ग्रंथीत एक लहानशी, कर्करोगाची नसलेली गाठ होते, काहींच्या दोन्ही ग्रंथी वाढतात, आणि निरोप नसतानाही हार्मोन सुटत राहतं. मीठ अडतं, त्याच्यामागे पाणी अडतं, प्रेशर चढतं. मूत्रपिंड निरोप धाडणं जवळजवळ थांबवतं, तरी उघाडीवरचा गडी ऐकत नाही. आत अडलेल्या मिठाच्या बदल्यात लघवीवाटे पोटॅशियम जातं. मग पायांत गोळे येतात, गळून जायला होतं, छातीत धडधडतं. अमेरिकेत मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी 1955 साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्यांची ती रुग्ण 34 वर्षांची बाई होती.

आता गरोदरपणात काय होतं बघा. पायांत गोळे, थकवा, सारखी लघवी या तक्रारी कुठल्या गरोदर बाईला नसतात? पोटॅशियम कमी निघालं, तर उलट्यांमुळे असेल म्हणून सोडून देतात. कित्येकींचं तर ते रक्तात कमी दिसतही नाही. त्यात निरोगी गरोदर बाईचं अल्डोस्टेरॉन मुळातच कित्येक पटींनी वाढलेलं असतं, त्यामुळे नुसता तो आकडा बघून काही ठरत नाही. पण निरोगी गरोदरपणात रेनिनही वाढतं. या आजारात ते दबलेलं राहतं. गरोदर बाईचं रेनिन दबलेलं दिसलं, की जाणत्या डॉक्टरच्या भुवया उंचावतात.

याहून चकवणारी गोष्ट प्रोजेस्टेरॉनची. गर्भ टिकवणारं हे हार्मोन अल्डोस्टेरॉनच्या कामात आडवं येतं. त्यामुळे हा आजार असलेल्या काही बायकांचं प्रेशर गरोदरपणात चक्क सुधारतं, आणि बाळंत झाल्यावर, प्रोजेस्टेरॉन ओसरताच, उसळी घेतं. काहींचं मात्र नऊही महिने चढंच राहतं. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोघींवरही नजर हवी.

मग उपचार काय? गरोदरपणात आजाराचा पुरता छडा लावायच्या मागे लागत नाहीत. शिरेतून सलाइन देऊन करायची तपासणी टाळतात, सीटी स्कॅन टाळतात. अगदीच गरज पडली तर सोनोग्राफी किंवा रंगद्रव्य न टोचता एमआरआय. प्रेशर आवाक्यात ठेवणं हे पहिलं काम. त्यासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही जुनी, पारखलेली औषधं आहेत. पोटॅशियम कमी असेल तर त्याचं औषध. गरोदरपणात प्रेशर वाढून येणाऱ्या झटक्यांचा धोका असलेल्या बायकांना बाराव्या आठवड्यानंतर अ‍ॅस्पिरिनचा लहान डोस देतात. एवढ्याने भागलं नाही तर तज्ज्ञ अ‍ॅमिलोराइडचा विचार करतात. या आजारावरची नेहमीची गोळी स्पायरोनोलॅक्टोन, पण ती पुरुषी हार्मोनच्या आड येते. पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका, म्हणून ती टाळतात. कशालाच दाद मिळाली नाही आणि गाठ एकाच बाजूला दिसली, तर मधल्या तिमाहीत दुर्बिणीतून ग्रंथी काढल्याचीही उदाहरणं आहेत, पण ती मोजकी.

आधीपासून प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक ऐका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल अशी नावं असलेली औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. पाळी चुकली की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि गोळी बदलून घ्या. आपल्या मनाने सगळंच बंद करू नका.

केळ्यांचं हमखास विचारतात. वसईत ते साहजिकच आहे. आपल्या वाड्यांत केळी, आगाशीची सुकेळी प्रसिद्ध, आणि केळ्यात पोटॅशियम असतं हे सगळ्यांना पाठ झालेलं. केळं जरूर खा. पण ही गळती केळ्यांनी भरून निघत नाही. जेवणातलं मीठ जितकं जास्त, तितकं पोटॅशियम बाहेर पडतं. तेव्हा केळ्यांचा फणा आणण्याआधी खारवलेली मासळी, पापड आणि लोणच्याची बरणी जरा दूर सारा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, सगळं धरून.

आणि ज्येष्ठमध. घसा धरला, आंबट ढेकर आले की आजीबाईच्या बटव्यातून कांडी निघते. तिच्यातलं एक द्रव्य शरीरात हुबेहूब याच आजाराचं सोंग आणतं: प्रेशर वर, पोटॅशियम खाली. एखाद वेळच्या कांडीने आकाश कोसळत नाही, पण गरोदरपणात रोज चघळू नका. आणि प्रेशर असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की मी हे घेते.

खरी अडचण यापुढे आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात सून सासरहून निघते, कधी अर्नाळ्याला, कधी पार डहाणूला. आधीचे कागद एका दवाखान्यात, नंतरचे दुसऱ्यात. बाळंतपण सुखरूप झालं की घरादाराचं लक्ष बाळाकडे. बाळंतिणीचं प्रेशर कोण मोजतो? आणि या आजारात प्रेशर उसळायची वेळ तीच. ज्या तपासण्या नऊ महिने लांबणीवर टाकल्या, त्या करायची वेळही त्यानंतरचीच. माझ्या मते आपल्याकडे हा आजार निसटतो तो याच फटीतून, आणि तिथे महागड्या यंत्रापेक्षा एका प्लास्टिकच्या फाइलचा उपयोग अधिक आहे. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे सगळे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तिच्यात घाला आणि माहेरच्या पिशवीत कपड्यांच्या वर ठेवा.

बाळंतपणानंतर पहिला आठवडा प्रेशर मोजायला चुकू नका. 160/110 च्या वर गेलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा. मिथाइलडोपा चालू असेल तर ती बाळंतपणानंतर बदलतात, मन खचण्याचा धोका असतो म्हणून, त्याबद्दल विचारा. अंगावर पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, तेव्हा दुधाच्या भीतीने औषध सोडू नका. बारा आठवडे झाले आणि प्रेशर चढंच असेल, तर फाइल घेऊन मोठ्या रुग्णालयात जा आणि रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी करायची का, असं सरळ विचारा. नालासोपाऱ्याहून लोकलने परळला जाता येतं. तिथे केईएममध्ये अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. गाठ एकाच बाजूला निघाली तर ती ग्रंथी काढतात. काहींच्या गोळ्या कायमच्या सुटतात, काहींच्या कमी होतात. दोन्ही बाजू वाढलेल्या असतील तर गोळ्यांवर भागतं. दुसऱ्या बाळाचं मनात असेल तर हे सगळं त्याआधी उरका, कारण ग्रंथी आधीच काढलेली असली तर पुढचं गरोदरपण बऱ्याच जणींना सोपं जातं.