‘मूळव्याधच असेल!’

मंडळी, रौप्यमहोत्सवात शौचाचा विषय काढतोय, माफ करा. रक्त पडलं की आपण मूळव्याध समजून मलम आणतो. मीही ७ महिने तेच केलं. निघाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, म्हणून आज बोलतोय. सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. सगळ्यांचीच दुर्बिणीने तपासणी करायला आपल्या देशात तेवढे डॉक्टर कुठून आणणार? पण शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी आहे, नमुना घरीच घेता येतो. ती पॉझिटिव्ह आली तरच दुर्बीण. आतड्यातल्या कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा १० वर्षं तरी जातात. तोवर तो काढता येतो. पन्नाशीच्या आसपासच्यांनी डॉक्टरांना विचारा. रक्त दिसतच असेल तर मात्र चाचणीत वेळ घालवू नका, सरळ दाखवा. लाज वाटली तर आधी माझ्याकडे या.