पगारवाढ की नोकरी?

मंदी आली की कामगारापुढे हाच सवाल टाकतात. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना 2010 च्या करारात साडेसतरा टक्के वाढ मिळाली. नोकरी पक्की, म्हणून ताणून धरता आले. गिरणी कामगारांचे तसे नव्हते. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे कित्येक गिरण्यांना कायमचे टाळे लागले. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकीत देण्यांसाठी डिसेंबर 2023 उजाडावा लागला. मिल बंद पडून तीन दशके उलटली होती!

म्हणून आमचे म्हणणे: युनियनने आधी ताळेबंद मागावा. तोटा खरा असेल तर वाढ पुढे ढकलावी. पण कपात होणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर चूल पेटत नाही.